घोड्याचं सगळं, बसणं सोडून

दुकानात शिरण्याआधी ते बाहेरूनच आवाज द्यायचे, "मी येऊन राहिलो, ताई." मग दाराच्या एका अंगाने, माझ्या नजरेसमोरून आत. पाठीमागून कधीच नाही. घोड्याजवळ असंच जायचं असतं, आणि सारा जन्म घोड्यांत काढलेल्या त्या माणसाला माणसांकडे जायची दुसरी रीत ठाऊक नव्हती.

कारध्याला माझं ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान आहे. वरातीला घोड्या पुरवणाऱ्या एका मालकाकडे ते घोड्यांची देखभाल करणारे मोतद्दार होते. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. लग्नाच्या फोटोत लगाम धरलेला हात येतो, माणूस कडेला कापला जातो. नवरदेव सजवलेल्या गाडीतून यायला लागले, मालकाने घोड्या विकल्या, आणि हे काका माझ्याकडे आले.

"मोबाइलमंधी पाहा ना ताई, कुठं घोडे हायेत काय. खरारा, दाणापाणी, खूर, तबेला, सगडं करतो. फक्त बसत नाही."

"बसता येत नाही का?"

"येते. बसत नाही."

कारण कळायला तीन-चार खेपा जाव्या लागल्या. तरुणपणी मालकाने त्यांना बपेऱ्याला घोडी पोचवायला पाठवलं होतं. लगाम धरून पायी न्यायची होती. यांनी हौसेनं टांग टाकली, शेताच्या धुऱ्यावरून पळवली. बिळात तिचा पाय गेला, हाड मोडलं. "दुपारपर्यंत माह्याकडेच पाहत होती, ताई." एवढं बोलून ते टेबलावरचे कागद उगाच सरळ करत राहिले.

नागपूरकडच्या फार्महाऊसना, घोडेस्वारी शिकवणाऱ्यांना मी फोन लावायचे. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, सकाळची रपेट मारता येते का? मी नाही म्हणायचे आणि बोलणं संपायचं. एकाने तर विचारलं, "मग घोड्याला फिरवायला काय आम्ही न्यायचं?" हे सांगितल्यावर काका मनापासून हसले. "मी नेतो ना पायी. घोड्याले काय, सोबत पाहिजे."

दर दोन-तीन दिवसांनी यायचे. बाक रिकामा असला तरी उभेच. हळूहळू त्यांचा खरारा करायचा हात नुसताच मांडीवर फिरू लागला. मला ते बघवेना. खरं सांगायचं तर कंटाळाही आला होता.

एक दिवस दुकानात गर्दी, सर्व्हर बंद, गिऱ्हाईकं चिडलेली. त्यातच एका तबेल्याचा फोन आला. "घोड्यावर बसतो ना माणूस?"

"हो, बसतो," मी म्हणून गेले. एकदा कामाला लागले की हात पाहून ठेवून घेतील, असं वाटलं. काकांना सांगितलं, "बसावं लागणार नाही. मी बोलले आहे."

त्यांनी हात जोडले. मी नजर कॉम्प्युटरकडे वळवली.

दहा-बारा दिवसांत परत आले. कपड्यांची पिशवी हातातच होती.

"मालक म्हणे, चढ. मी म्हटलं, ठरलं नव्हतं. तो म्हणे, ठरलं होतं." पिशवी खाली ठेवली. "तुमी काय सांगितलं होतं, ताई?"

"तेच. बसत नाही म्हणून."

"मंग बराबर हाये," ते म्हणाले. त्यांचा चेहरा किती हलका झाला, ते मला अजून दिसतं.

नंतर ते आले नाहीत. मीच आणखी दोन ठिकाणी फोन केले. दुसऱ्या ठिकाणी नुसतं त्यांचं गाव सांगितलं तर पलीकडचा म्हणाला, "मालकाच्या अंगावर गेला तो? नको बाई."

खरं काय ते सांगून टाकावं म्हणून मी त्यांच्या गावी गेले. बायको अंगणात तांदूळ पाखडत होती.

"ते तं गेले विटाभट्टीवर. छत्तीसगडले."

"कधी येतील?"

"काय सांगावं! काम करताना पडले म्हणून निरोप होता. मंग फोनच लागून नाही राहिला." सूप बाजूला ठेवून ती माझ्याकडे पाहत राहिली. "तुमीच काय त्या दुकानवाल्या ताई?"

मी मान डोलावली.

"उभ्या जन्मात कोनाले उलटून नाही बोलले जी ते. त्या तबेल्याच्या मालकाले मात्र चार लोकांत खोटारडा म्हणून आले. म्हणे, ताईनं साफ सांगितलं होतं." तिने पदराने बाज झटकली. "बसा ना. चहा मांडतो."

मी बसले. चहा पुरता प्यायले, कप विसळून ठेवला, आणि काहीच न सांगता निघाले.