कल्हई केलेला टप

आमच्या मोटारीच्या टपाला आतून कल्हई होती. मोटारीला कल्हई करत नाहीत हे मलाही ठाऊक आहे. कृपया कुणी पत्राने कळवू नये.

ही मोटार माझ्या वडिलांनी, म्हणजे तुमसरच्या बाबूजींनी, मला लग्नात आंदण दिलेली. काळी, गोल पाठीची, जुनी विलायती. सत्तर-बहात्तर सालापर्यंत ती दिमाखात धावली आणि मग टप गंजला. आधी पापुद्रे निघाले, मग भोकं पडली आणि शेवटी आमचे हे एका हाताने छत्री धरून मोटार चालवू लागले. सासूबाईंना तेवढंच हवं होतं.

"तुह्या बापाची मोटार भंगारात दे वं," त्या उठता-बसता म्हणायच्या. "टप गेला का मोटार गेली."

नुसत्या मोटारीला नावं ठेवली असती तर मी गप्प बसले असते (खोटं आहे, पण असू दे). त्यांनी बापाला मध्ये घेतलं! मे महिन्यात तुमसरला माझ्या धाकट्या भावाचं लग्न होतं. मी ओसरीत उभी राहून जाहीर केलं, "बाबूजीच्या दारात याच मोटारीत जाईन, अन् टपासकट जाईन. नाही त लग्नाले जातच नाही."

सख्ख्या भावाचं लग्न! पण शब्द मागे घेणं आमच्या माहेरी कुणाला शिकवलेलंच नाही.

गॅरेजवाल्याने टप पाहून मान हलवली. एवढा पत्रा बसवणारा नागपुरातही मिळणार नाही म्हणाला. तेव्हा मी डोकं चालवलं (अपघाताचं मूळ हेच). आमचं भंडारा कशाचं गाव? पितळेच्या भांड्यांचं. पाण्याच्या गुंडाला, म्हणजे हंड्याला, भोक पडलं की आमच्या मोहल्ल्यातले परसरामजी त्याला डाग देतात. मग टप म्हणजे तरी काय, पालथं घातलेलं भांडंच की.

परसरामजी आले. साठ वर्षं पितळ ठोकलेला माणूस. त्यांनी टपावर चारी बाजूंनी टिचकी मारून आवाज ऐकला.

"हे डाग द्याच्या पलीकडे गेलं, बाई. नवीनच घडवा लागते, पितळेचं."

"घडवा."

"किती माणसायचं करू?"

भांड्याचं माप जेवणाऱ्या माणसांवर ठरतं, हे मला तेव्हाच आठवायला हवं होतं. पण मोटारीत माणसं बसतात पाच. "पाच माणसायचं," मी सांगितलं.

ह्यांनी मला बाजूला घेतलं. "अवं, हे भात शिजवाचा गंज बनवून राहिले काय?"

"तुम्ही चूप राहा," मी म्हटलं.

मापासाठी ह्यांनी जुना टप करवतीने कापून दिला. तीन आठवडे मोटार बोडकी उभी होती. सासूबाईंनी मागच्या सीटवर कुरड्या वाळत घातल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवल्या.

नवा टप आला तेव्हा सगळा मोहल्ला गोळा झाला. घुमटासारखा फुगलेला, कडेला जाड काठ, अंगभर हातोडीचे ठोके आणि असा लखलखीत, की बघणाऱ्याने डोळ्यांवर हात धरावा. समोरच्या बाजूला ठिपक्याठिपक्यांनी कोरलं होतं, 'नारायणराव, तुमसर'.

"हे नाव काहून?" मी विचारलं.

"आंदणाचं भांडं हाये ना, बाई? मंग बापाचं नाव नाही टाकाचं?"

"अन् आतून कल्हई कायले?" ह्यांनी विचारलं.

परसरामजींनी त्यांच्याकडे दयेने पाहिलं. "पितळेत ताक ठेवलं त कळकते का नाही? इथं त माणसं बसतीन. उन्हाळ्याचे दिवस, घाम येते. कळकतीन."

टप ठोकून बसवला गेला.

लग्नाच्या दिवशी आम्ही तिघं निघालो. वर पितळ, आत कल्हई आणि बाहेर भंडाऱ्याचा मे महिना. गाव सुटेपर्यंत टपाला हात लावायची सोय उरली नाही. वरठीला रेल्वे स्टेशन दिसताच सासूबाई म्हणाल्या, "थांबव रे. मी पॅसेंजरनं येतो. मले शिजाचं नाही."

आम्ही दोघं पुढे गेलो. हे डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन चालवत होते. मोहाडीत मोटार जरा हळू केली तर एक बाई खिडकीशी येऊन विचारते, "जुनी परात बदलून देता काय?" मी तिच्याकडे पाहिलंही नाही. मान ताठ ठेवली. जिंकायला आता थोडेच मैल उरले होते.

मांडवाच्या दारात मोटार थांबली. बाबूजी आले. त्यांनी मोटारीला एक पूर्ण फेरी मारली, स्वतःचं नाव वाचलं, पुन्हा वाचलं.

"पोरी, हे अजून हाये?"

"तुमचं देणं हाये, बाबूजी. भंगारात नाही जाऊ देलं."

"अवं," ते हळूच म्हणाले, "भंगारवाल्यानं नेली नाही, म्हणूनच त तुले देली होती."

त्यांच्या मागे, पॅसेंजरने केव्हाच पोचलेल्या सासूबाई सरबत पीत उभ्या होत्या. त्यांनी आणखी एक पेला मागवला. मला अक्षरशः रडू आलं, पण एवढ्या घामात ते कुणाला कळणार?

परतताना सगळ्यांचं एकच म्हणणं, मोटार इथेच ठेवा आणि आगगाडीने जा. मी म्हटलं, आले तशीच जाईन. हे आणि सासूबाई स्टेशनवर निघून गेले. मी मोटारीत जाऊन बसले, पितळेखाली, ताठ. तासाभराने बाबूजी खिडकीशी वाकले.

"पोरी, तुले मोटार चालवता येते काय?"

येत नव्हती. तरी मी आणखी अर्धा तास उतरले नाही.