सचिवांच्या नावचा परवाना

'आमच्या अटी बदलल्या आहेत' असा मेल आला की आजही माझं पित्त खवळतं. आमच्या आष्टी तालुक्यात पाऊस जितक्या वेळा यायचा, त्याहून जास्त वेळा त्या सॉफ्टवेअर कंपनीच्या अटी बदलायच्या. कडा गावाजवळच्या एका खेड्यात आमची सहकारी दूध संस्था होती आणि मी तिथं कॉम्प्युटरवर बसायचे. दूध मोजायचं, फॅट तपासायची, शेतकऱ्याच्या हातात पावती द्यायची, सगळं एका सॉफ्टवेअरवर चालायचं. त्याचा परवाना जिवंत ठेवणं हे माझं आणि सचिवकाकांचं काम.

काका संस्था निघाल्यापासूनचे सचिव. मला या खुर्चीत त्यांनीच बसवलं. इंग्रजी त्यांना बेताचंच, पण नव्या अटी आल्या की शेवटच्या ओळीपर्यंत माझ्याकडून वाचून घ्यायचे. एकदा मी न वाचताच 'मान्य' दाबलं, तर केवढे भडकले!

"कावून दाबलंस? आधी वाच, मग दाब. अन् मान्य म्हनायचा अधिकार संचालक मंडळाला हाय. तुला बी न्हाई, मला बी न्हाई."

तेव्हापासून अटी बदलल्या की आधी सभा, सूचक, अनुमोदक, ठराव, आणि मग ते बटण. एकदा तर सभा होईपर्यंत सॉफ्टवेअर बंद पडलं आणि काका हातानं पावत्या लिहीत बसले. लोक वैतागले, मीही वैतागले. काका मात्र ऐटीत.

पहिल्यांदा ते सॉफ्टवेअर खोक्यातून आलं होतं. एकदाच विकत घ्यायचं, विषय संपला. ते खोकं काकांनी कपाटात जपून ठेवलं होतं, दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागायचं. मग कंपनी म्हणाली, आता दरवर्षी घ्या. त्या सभेत काका अध्यक्षांवरच उखडले, "बैल एकदा इकत घेतला की आपला. दर सालाला त्योच बैल परत कोन इकत घेतंय बे?" अध्यक्षांनी बिचाऱ्यांनी नुसते हात जोडले. अटी काय त्यांनी लिहिल्या होत्या?

त्यानंतर आणखी एक फर्मान आलं. परवाना संस्थेच्या नावावर नाही, एका माणसाच्या नावावर. रोज सकाळी त्याच्या मोबाईलवर कोड येणार, तो टाकला तरच सॉफ्टवेअर उघडणार. कुणाचं नाव द्यायचं, यावर सभा बसली. अध्यक्ष निवडणुकीत बदलणार. मी लग्न करून जाणार, असं सगळ्यांनी परस्परच ठरवून टाकलेलं. "सचिवांचं टाका, सचिव कुठं जातोय?" कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. काकाही हसले. ठराव सर्वानुमते मंजूर झाला.

त्याच वर्षी दुष्काळ पडला. गुरं चारा छावणीत गेली, आणि छावणीची व्यवस्थाही काकांच्याच गळ्यात पडली. भर उन्हात टँकरची वाट बघत उभे असताना ते कोसळले. दवाखान्यापर्यंतसुद्धा पोचले नाहीत. मला अजून त्या उन्हाचा राग येतो, टँकरचा येतो, आणि कुणाचं न ऐकता उभं राहणाऱ्या काकांचाही येतो.

संस्था एक दिवस बंद ठेवली. पण गाईला सुतक कळत नाही. दुसऱ्या सकाळी लोक कॅन घेऊन उभे होते आणि सॉफ्टवेअर कोड मागत होतं. काकांचा फोन त्यांच्या घरी. मी जीव मुठीत धरून नंबर लावला. काकूंनी उचलला. रडून रडून आवाज बसला होता. काय हवंय ते सांगितलं, तर त्यांनी फोनवर आलेला एकेक आकडा वाचला. मग विचारलं, "चालू झालं का?"

"झालं, काकू."

"बरं."

मग ते रोजचंच झालं. काकू सकाळी फोन हातात घेऊनच बसायच्या. त्याचं चार्जिंग, रिचार्ज, सगळं वेळेवर. एकदा म्हणाल्या, "पोरी, दिसभर घरात कुनी त्यांचं नाव बी काढत न्हाई. सकाळच्याला तेवढं कुनीतरी त्यांना इचारतंय, असं वाटतं."

नाव बदलायला ठराव हवा होता. पण पावसाळाही कोरडा गेला, दिवाळीनंतर निम्मे संचालक कोयते घेऊन ऊसतोडीला गेले आणि सभेला माणसं जमेनात. मलाही कसली घाई नव्हती.

ऊसतोड संपून माणसं परतली आणि कंपनीचा मेल आला. यापुढे कोड नाही, ज्याच्या नावावर परवाना त्याचा चेहरा दाखवायचा. मी ते सगळं दोनदा वाचलं, कुठं पळवाट सापडते का म्हणून. नव्हती. उलट शेवटी लिहिलं होतं, जुनं नाव काढायला जुन्या नंबरवर एक अखेरचा कोड येईल. चहा निवायच्या आत सभेनं माझ्या नावाचा ठराव केला.

मी काकूंच्या घरी गेले. त्या ज्वारी निवडत होत्या. सगळं समजावून सांगितलं.

"म्हंजे त्यांचं नाव काढायला बी त्यांच्याच फोनवर इचारनार?"

"व्हय, काकू."

काकूंनी पदराला हात पुसले आणि फोन घेतला. मी माझ्या मोबाईलवरून कोड मागवला. त्या पहिल्या दिवसासारखा एकेक आकडा वाचू लागल्या. शेवटच्या आकड्याशी थांबल्या. मग त्यांनी तोही वाचला. आधी वाच, मग दाब. सगळं वाचून झालं होतं. मी दाबलं.

दुसऱ्या सकाळी सॉफ्टवेअर माझ्या चेहऱ्यावर उघडलं. पहिला कॅन काट्यावर चढतोय तोच माझा फोन वाजला. स्क्रीनवर नाव आलं, सचिवकाका.

"आज नंबर आला न्हाई," काकू म्हणाल्या.

मी कॅन तसाच काट्यावर राहू दिला.

"येनार न्हाई, ठाऊक हाय मला. पन म्हनलं, इचारावं. चालू झालं का?"

"झालं, काकू."

"बरं," त्या म्हणाल्या, पण फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. समोर दुधाची रांग खोळंबली होती, आणि तिथंच, सगळ्यांदेखत, मला रडू कोसळलं.