तापातली कात्री

साठ सालच्या सुमारास कानडी मुलखातल्या चिकपेटेच्या बाजारात आमचं शिवणकामाचं दुकान होतं. वडील गेल्यावर माझा थोरला भाऊ, अण्णा, ते चालवायचा आणि कापड बेतायचं काम माझ्याकडे होतं. सकाळी माझी कात्री झरझर चालायची. दुपारी डोळे जड झाले की मी काजं-बटणं करत बसायची. काम कधी अडलं नाही, तरी अण्णाला ते खुपायचं.

"तुझ्या लहरीवर दुकान चालतं काय?" असं तो गिऱ्हाइकांसमोर विचारायचा.

एकदा मला ताप होता. मी म्हटलं, "अण्णा, आज काजं करते, कोट उद्या सकाळी बेतते."

त्याने कात्री माझ्यापुढे आपटली. मी कोट बेतला आणि बाही आखूड झाली. गिऱ्हाईक आल्यावर अण्णा त्याला म्हणाला, "बायकांचं काम हे असलंच."

मी गिऱ्हाइकाला कन्नडमध्ये सरळ सांगितलं, "अंगात ताप असताना यानेच कापायला लावलं."

त्यानंतर कुठलं काम केव्हा करायचं ते मीच ठरवू लागले. अण्णा कित्येक महिने माझ्याशी बोलला नाही. तो स्वतः मात्र रोज जेवून दुकानातच घोरत पडायचा, आणि त्याला कुणी आळशी म्हणत नव्हतं. त्याचा मला आजही संताप येतो.