काचेवरची गर्दी

माझ्या वहिनीने माझ्या सख्ख्या भावाचं आतडं स्वतःच्या हाताने कापलं. ऑपरेशन सर्जननेच केलं, पण काढलेली गाठ वहिनीच्याच लॅबमध्ये आली आणि ती मेणाच्या ठोकळ्यात बसवून तिचे पातळ काप काढायचं काम वहिनीचं. तिच्या लॅबच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "तू राहू दे, दुसरं कुणी करेल." तर ही म्हणाली, "माझ्या नवऱ्याचं आहे, दुसऱ्याच्या हातात कशाला?" हे तिने आम्हाला जेवायला वाढता वाढता सांगितलं. माझा घास हातातच राहिला. दादा मात्र खो खो हसला.

अशी ही बाई. उभं आयुष्य मायक्रोस्कोपखाली बघायच्या काचपट्ट्या रंगवण्यात गेलं. वाढदिवसाचा केक हिच्याकडून कापून घेऊ नये, दादा आपला तुकडा उजेडासमोर धरायचा आणि म्हणायचा, "काचबाई, यातून पलीकडचं घर दिसतंय." दादा स्वतः सोफे शिवणारा, त्याचं सगळं काम जाडजूड. गल्लीतले लोक डॉक्टरकडून निघाले की रिपोर्ट घेऊन थेट वहिनीकडे यायचे. ती चष्मा कपाळावर सरकवून वाचायची आणि तिथल्या तिथे निकाल द्यायची. निकाल बहुतेक वेळा बरोबर निघायचा. मला विचाराल तर तेच वाईट झालं. माणसाला बरोबर ठरायची सवय लागते.

दादाच्या रिपोर्टात भलतंच निघालं होतं. रोग मोठ्या आतड्यातून बाहेर पडून शेजारच्या लसिकाग्रंथींत शिरला होता. डॉक्टरांनी केमो सांगितली, तीही लवकर. दादाचा चेहरा उतरला. शेजारच्या मास्तरांना केमोत ओकाऱ्या काढताना त्याने पाहिलं होतं आणि ते त्याच्या डोक्यातून जात नव्हतं.

त्याच सुमारास वहिनी एका संध्याकाळी जवळजवळ पळतच घरी आली. मॅडमचा एक अभ्यास चालला होता. पेशंटच्या परवानगीने त्याच ठोकळ्यातले आणखी काप काढून वेगळ्या रंगाने रंगवायचे, म्हणजे शरीराच्या लढाऊ पेशी तपकिरी दिसतात. दादाच्या काचेवर गाठीभोवती तपकिरी ठिपक्यांची नुसती गर्दी होती.

"अहो, तुमचं अख्खं सैन्य उतरलंय तिथे!" ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

झालं. दादाने ते वाक्य उचलून धरलं. गिऱ्हाइकांना सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं. मग एक दिवस म्हणाला, "सैन्य लढतंय ना? मग आपण वरून विष कशाला ओतायचं?" वहिनी म्हणाली, "डॉक्टर म्हणतात तर घ्यावी." पण कशी म्हणाली? चहात साखर घालू का विचारावं, तशी. मी तिथेच होतो आणि माझंही तोंड उघडलं नाही. केमो आज, उद्या करत पुढे जात राहिली.

परवा दुपारी तिचा फोन आला. "भावोजी, मला न्यायला या." तिने आजवर कधी मला बोलावलं नव्हतं. मी शाळेची मुलं घरोघर सोडून व्हॅन तशीच तिच्या लॅबकडे वळवली. ती फाटकाशी उभी होती, अंगात अजून तो पांढरा कोट. तशीच गाडीत बसली.

"दुसरा रंग आज झाला," ती म्हणाली. "ते सैन्य नव्हतं हो."

मला काही कळेना. मग तिने तुटक तुटक सांगितलं. पहिल्या रंगात या जातीच्या सगळ्याच पेशी तपकिरी दिसतात, लढणाऱ्या आणि लढाई थांबवणाऱ्याही. दुसरा रंग फक्त थांबवणाऱ्यांना लागतो. आतड्यात रोज अन्न येतं, कोट्यवधी जंतू तिथे राहतात. प्रत्येकावर शरीर चवताळून उठलं तर आतडंच सोलवटून निघेल. म्हणून या पेशी बाकीच्यांना आवरतात. दादाच्या गाठीभोवती बहुतेक गर्दी त्यांचीच होती.

"म्हणजे त्या गाठीला सांभाळत होत्या?" मी किंचाळलोच. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला.

"मॅडम म्हणाल्या, तसंही छातीठोकपणे सांगता येत नाही. आतड्याच्या कॅन्सरमध्ये काही जणांना त्यांचा फायदाही झालेला दिसतो. म्हणून तर अभ्यास चाललाय." तिने तोंडावर हात धरला. "आणि म्हणाल्या, याच्यावरून केमो ठरतच नाही. ती ग्रंथींवरून ठरलेली होती. घेतली नाही हे त्यांना माहीतच नव्हतं. म्हणाल्या, उशीर केला की तिचा जोर कमी पडतो."

तिच्यावर ओरडावं असं फार वाटलं. तिचा चेहरा बघून जमलं नाही.

दादा दुकानात होता. सोफा उलटा पाडलेला, ओठांत बारीक खिळे धरलेले. वहिनीने दारातूनच सगळं सांगितलं, एका दमात, काही न लपवता. मी चुकले, असं तीनदा म्हणाली. दादाने एकेक खिळा तोंडातून काढून तळहातावर ठेवला.

"म्हणजे लढाई थांबवणारेही आपलेच?"

"आपलेच. पण तुम्ही केमो तेव्हाच घ्यायला हवी होती. उशीर झालाय. अजून किती उपयोग होईल, ते मला माहीत नाही."

आता हा हातोडा फेकणार, असं मला वाटलं. मी असतो तर फेकला असता. दादाने तळहातावरचे खिळे उलट्या सोफ्यावर ओळीने मांडले. मग म्हणाला, "बरं. तू म्हणालीस म्हणून थांबलो होतो. आता तू म्हणतेस, तर उद्या सकाळी जाऊ." आणि त्याने पुन्हा हातोडा उचलला.

वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला. तिने धावत जाऊन त्याचा हात धरला. "माझं ऐकू नका हो!" एवढ्या मोठ्याने ओरडताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. "मला शिव्या द्या, मारा हवं तर! डॉक्टरांना विचारा, भावोजींना विचारा, रस्त्यावरच्या कुणालाही विचारा. पण माझं ऐकू नका!"

दादा गोंधळला. त्याला खरंच काही समजत नव्हतं.

"असं काय करतेस?" तो म्हणाला. "तुझं नाही, तर मग मी कुणाचं ऐकू?"