घरच्यांचे तीन स्टार

मी भाषांतरं करते. डोंबिवलीत, घरी बसून, लॅपटॉपवर. कोलशेतच्या कंपनीतली नोकरी सोडल्याला चार वर्षं होतील, तरी बाबा पाहुण्यांना सांगतात, "ती सध्या घरीच असते." त्यातला 'सध्या' ते अशा काही सुरात म्हणतात की पाहुणा पुढे विचारायचं धाडस करत नाही.

काम एका साइटवरून मिळतं. मध्यंतरी त्या साइटने नवी टूम काढली. गिऱ्हाइकाने काही विकत घ्यायच्या आधीच, नुसतं चॅटवर बोलणं झालं की त्याला विचारायचं, संवाद कसा वाटला? पाचपैकी स्टार द्या. भाजी घ्यायची नाही, पण भाजीवालीच्या स्वभावाला मार्क द्यायचे, त्यातला प्रकार. आणि माझा स्वभाव असा, की "दोन पानं फुकट करून दाखवा" म्हणणाऱ्याला मी "नाही" एवढंच लिहिते. 'नाही'ला एक स्टार मिळतो. मग साइटचा गोड मेल आला. या महिन्यात आपल्याला एकदाही पाच स्टार मिळालेले नाहीत. महिनाअखेरपर्यंत न मिळाल्यास आपलं नाव यादीतून काढण्यात येईल. नाव गेलं की काम गेलं, आणि बाबा म्हणत होते तेच खरं ठरलं.

तेव्हा मी सगळे करतात तेच केलं. नातेवाइकांना हाताशी धरलं. खातं उघडा, गिऱ्हाईक असल्यासारखं दोन वाक्यं बोला, स्टार द्या. किती द्यायचे ते सांगितलं नाही. घरच्यांना ते काय सांगायचं?

ठाण्याच्या मावशीने चॅटवर लिहिलं, "जेवलीस का?" मी लिहिलं, "हो. आपल्याला कोणत्या भाषेतून भाषांतर हवं आहे?" तिने तीन स्टार दिले. मी तडक फोन लावला.

"अगं, तीन म्हणजे चांगलेच की!" ती म्हणाली. "पाच दिले असते तर कुणालाही कळलं असतं, घरचंच माणूस आहे म्हणून. आणि दृष्ट लागली असती ती वेगळीच."

खडवलीच्या काकांनी दोन दिले. "मला भाषांतर-बिषांतर काय नकोय, मग खोटं कशाला बोलू? तुझ्याकडे बघून दोन तरी दिले." आतेभाऊ शीळफाट्याला ट्रॅफिकमध्ये अडकलेला, त्यामुळे त्याला वेळच वेळ होता. त्याने चार दिले आणि वर शेरा मारला, "बोलते बरी, पण जरा अॅटिट्यूड आहे." एकदा दिलेले स्टार बदलता येत नाहीत.

आमच्यात तोंडावर कौतुक करायची पद्धत नाही. लग्नातलं जेवण अप्रतिम झालं तर "मीठ बरोबर होतं" म्हणतात. पोरं शेफारू नयेत म्हणून सगळे जपतात, आणि ते प्रेमच असतं हे मला कळतं. साइटला कोण समजावणार?

बाबांना मी विचारलंच नव्हतं. ते कल्याणच्या शाळेत गणित शिकवायचे आणि गणितातसुद्धा पैकीच्या पैकी देत नसत. उत्तर बरोबर आलं तर अक्षराचा अर्धा कापायचे. मी त्यांच्याच वर्गात होते, त्यामुळे माझा एक जास्त जायचा. लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून.

मावशीनेच त्यांच्या कानावर घातलं असणार. एका दुपारी ते म्हणाले, "ते खातं कसं उघडतात?" मी उघडून दिलं. ते मोबाइल घेऊन आतल्या खोलीत गेले, मी बाहेर बसले. थोड्या वेळाने चॅटवर आलं, "नमस्कार. आपण हे काम किती वर्षे करीत आहात?"

भिंतीपलीकडून माझे वडील मला 'आपण' म्हणत होते. मी हसू दाबून लिहिलं, चार वर्षं. मग त्यांनी विचारलं, "एखादा शब्द अडला तर आपण काय करता?"

हे मला कधीच कुणी विचारलं नव्हतं. मी लिहीतच सुटले. अडलेलं वाक्य मी मोठ्याने वाचते, भांडी घासताना घोळवते, कधी रिक्षात बसल्यावर ते अचानक सुटतं आणि त्या आनंदात मी भलत्याच नाक्यावर उतरते. "असे होय," त्यांनी लिहिलं. "मला वाटले, हल्ली यंत्रच सगळे करते." मी चिडून आणखी मोठं उत्तर लिहिलं. त्यावर आले ते पाच स्टार.

माझं नाव यादीत राहिलं. मला आनंद व्हायला हवा होता, पण मला भयंकर वाईट वाटलं. शाळा सोडून जाणाऱ्या मुलाच्या दाखल्यावर तेवढं बाबा हात न आखडता 'उत्तम' लिहायचे. हे पाच स्टार तसलेच. मी त्यांना इतकी केविलवाणी वाटले होते.

आत जाऊन मी विचारलं, "पाच कशाला दिलेत?"

"तुझं नाव जाणार होतं ना?"

"ते राहू द्या. खरे किती?"

त्यांनी मोबाइल पुन्हा उचलला आणि आमचं सगळं बोलणं वरपासून खालपर्यंत वाचलं, ओठ हलवत. मी दारात उभी होते, चाळिशीला आलेली बाई.

"सव्वाचार," ते म्हणाले. "शब्द अडतो त्याचं उत्तर चांगलं दिलंस. पण पाल्हाळ फार लावतेस."

एवढे मार्क त्यांनी मला शाळेतही कधी दिले नव्हते. मी स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला आणि त्याला उकळी येईपर्यंत रडून घेतलं.