रुंद गाडी

नव्वदच्या दशकात मी अंथुर्ण्याहून वालचंदनगरच्या शाळेत शिकवायला सायकलनं जायचो. वाटेतल्या एका अंगणात एक माणूस रोज दिसे. जुन्या मोटारीच्या चारी चाकांवर मडगार्डाच्या जागी तो स्वतः घडवलेले रुंद, फुगीर पत्रे बसवत होता. ठोकून झालं की डोळे मिटून पत्र्यावर तळहात फिरवायचा. उंचवटा लागला की पुन्हा हातोडी.

एकदा त्यानं हाक मारली, "मास्तर, जरा पत्रा धरा की."

मी धरला आणि विचारलं, "मामा, गाडी रुंद कशाला करताय?"

"रस्त्यानं गाडी कशी दंड फुगवून गेली पायजे!" तो हसत म्हणाला.

शेवटचा पत्रा बसला त्या रविवारी मीही तिथं होतो. गाडी निघाली आणि फाटकाच्या दोन खांबांत अडकली. त्याचा चेहरा उतरला. पान्हा घेऊन तो पत्रा सोडवायला वाकला. एवढ्यात, महिनाभर त्या ठोकाठोकीवर कुरकुरणारी त्याची बायको घरातून पहार घेऊन आली.

"पत्र्याला हात लावू नगासा," ती म्हणाली. "खांब पाडू."

तिघांनी मिळून खांब पाडला. त्या दोघांची नावं विचारायचं मला तेव्हाही सुचलं नाही. ती ऐटीत पुढं बसली, गाडी रस्त्याला लागली आणि खिडकीतून हात काढून ती मलाच ओरडली, "मास्तर, बाजूला व्हा, आमची गाडी रुंद हाय!"