माझ्या सहीचे आठ रिपोर्ट

जे. पी. नगरच्या आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर अक्का राहतात. मूळच्या बेळगावच्या, शुगरच्या पेशंट. मी पॅथॉलॉजिस्ट, म्हणून दर तीन महिन्यांनी त्या आमच्याच लॅबमध्ये रक्त द्यायच्या. "दुसरीकडं कशाला जाऊ? तू बघतीस की. काय असलं तर सांगशील," म्हणायच्या.

मी बघत नव्हते. आमच्याकडे बहुतेक रिपोर्ट कॉम्प्युटरच तपासून सोडतो. आकडा अगदी धोक्याचा नसला आणि मागच्या वेळेपेक्षा फार बदललेला नसला, की रिपोर्ट पास, खाली माझी सही आपोआप छापली जाते. नियमात न बसणारे तेवढे माझ्यासमोर येतात. हे नियम मीच लिहिलेत. सुरुवातीला फार रिपोर्ट अडकायचे, उशीर झाला की लोक फोनवर आरडाओरडा करायचे, मॅनेजर माझं डोकं खायचा. शेवटी वैतागून 'फार बदल' म्हणजे किती, ते मीच सैल केलं.

मागच्या उन्हाळ्यात जिन्यात अक्कांचे पाय दिसले. पोटऱ्यांपर्यंत सूज. लॅबमध्ये जाऊन त्यांचे जुने रिपोर्ट एकाखाली एक उघडले. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचा आकडा, दर वेळी थोडा वर. इतकाच थोडा, की नियमाला खुपू नये. दोन वर्षांचे आठ रिपोर्ट, आठांवर माझी सही. त्यातला एक तर मी मिरजेला भाचीच्या लग्नात जेवत होते तेव्हाचा! अहो, कुठल्याही शिकाऊ पोरीने ते आकडे एकत्र बघितले असते तरी ती ओरडली असती. आणि अक्कांनी ते डॉक्टरांना दाखवलेच नव्हते. मी काही बोलले नाही म्हणजे सगळं बरं, असं धरून कपाटात ठेवून दिले होते. तोवर फार उशीर झाला होता.

पुढे लॅबची वार्षिक तपासणी करणारे आले, तेव्हा मी स्वतःहून हे सगळं त्यांच्यापुढे मांडलं. त्यांनी फाइल चाळली. नियम लेखी आहेत, दरवर्षी त्यांची चाचणी होते, खाली जबाबदार डॉक्टरची सही आहे. "सगळं नियमाप्रमाणेच आहे, मॅडम." मला शिक्षा हवी होती हो, निदान एखादा शेरा तरी. तोही मिळाला नाही. मर्यादा आता मी घट्ट केली आहे. अक्कांना त्याचा काय उपयोग?

आठवड्यातून तीनदा त्यांचं डायलिसिस असतं. मागच्या गुरुवारी मी सोबत गेले, आज सांगायचंच असं ठरवून. सुया टोचून झाल्या, रक्त नळीतून फिरायला लागलं. मी म्हटलं, "अक्का, तुमचे ते रिपोर्ट..."

त्यांनी मोकळा हात माझ्या हातावर ठेवला. "वाईट वाटून घेऊ नकोस गं. तू बघत हुतीस म्हणून एवढं तरी कळलं. दिवसाला किती जणांचं बघत असशील, डोळे दुखत असतील न्हवं?"

"हो," म्हटलं मी.